जर्मन वाणसामान : प्राथमिक परीक्षेचे मार्गदर्शक

प्रस्तुत मार्गदर्शक पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर आदी केंद्रांतून नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत नुकत्याच दाखल झालेल्या उमेदवारांसाठी आहे. परीक्षा लेखी नाही, तोंडीही नाही. ती रोज संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असताना द्यावी लागते. उमेदवाराला स्वयंपाक येणं इष्ट आहे, पण आवश्यक नाही. स्वयंपाकापर्यंत पोचणं हाच अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे.

‘मला घरातलं सगळं येतं’ असं अर्जात लिहिणाऱ्या उमेदवारांनी आधी थोडी उजळणी करावी. वाण्याला यादी सांगणारी आई, ते सामान जिना चढून आणणारा पोऱ्या, कोपऱ्यावर टोपली मांडून बसलेल्या भाजीवाल्या मावशी, दळण टाकून येणारे बाबा, भांडी घासणाऱ्या काकू, रद्दी तोलणारे मामा आणि सकाळी घंटागाडीबरोबर येणारी माणसं, एवढ्यांचं मिळून तुमचं ‘सगळं येतं’ झालेलं असतं. जर्मनीत ही सर्व पदं रिक्त होती. आता त्या सर्व पदांवर एकाच व्यक्तीची नेमणूक झाली आहे. अभिनंदन! पदनिहाय कर्तव्यं पुढीलप्रमाणे.

पद पहिले : आयातदार

हे पद निघण्यापूर्वीच सांभाळायचं असतं. विमानात बहुतेक वेळा २३ किलोची एक मोठी बॅग मिळते. तीत काय भरायचं यावर घरात जी बैठक होते, तिचं इतिवृत्त कुणी लिहून ठेवत नाही हे बरंच आहे. आईच्या यादीत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी आणि घरचं तूप असतं. बाबांच्या यादीत प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स असतात. थंडीचा कोट ‘तिकडे घेऊ’ या सदरात जातो.

आता नियम. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप गेलं, खवा गेला, पेढेही गेले. ताज्या भाज्या, फळं आणि पानं यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कढीपत्त्याची डहाळीही अडते. या नियमातून पाच फळं मात्र सुटली आहेत : अननस, ड्युरियन, खजूर, केळी आणि नारळ. थोडक्यात, सत्यनारायणाची निम्मी तयारी युरोपला मान्य आहे.

हापूसचं काय, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत विचारला जातो. भारतातल्या आंब्यांवर फळमाशीच्या कारणानं युरोपीय संघानं १ मे २०१४ पासून बंदी घातली होती. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली. आंबा आता प्रक्रिया आणि कागदपत्रं पुरी करून रीतसर व्यापाऱ्यामार्फत येतो. टॉवेलात गुंडाळून येत नाही.

शहाणा आयातदार डाळ-तांदळात वजन घालवत नाही, ते सगळीकडे मिळतात. तो कुकरची जादा रिंग, फुलक्याची जाळी, खडा हिंग, आमसुलं आणि घरचा गोडा मसाला आणतो. मसाला तीन पिशव्यांत, एकात एक. तरीही पहिल्या हिवाळ्यात सगळ्या स्वेटरांना आमटीचा वास येतो. हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

पद दुसरे : पंचांगकर्ते

वार, तिथी आणि सुट्ट्या तोंडपाठ नसलेला उमेदवार या देशात उपाशी झोपतो.

रविवारी दुकानं बंद असतात. ‘काही’ दुकानं नव्हे, दुकानं. रविवार विश्रांतीचा दिवस आहे, हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं होतं आणि ते कलम आजच्या राज्यघटनेतही जसंच्या तसं घेतलेलं आहे. म्हणजे रविवारी तुमच्या घरात दही नसणं ही घटनात्मक बाब आहे. दुकानांच्या वेळेचा कायदा १९५६ चा. २००६ पासून तो अधिकार राज्यांकडे गेला. त्यामुळे बर्लिनमध्ये सोमवार ते शनिवार रात्रभर दुकान उघडं ठेवायला मुभा आहे, तर म्युनिकमध्ये साधारणपणे संध्याकाळी आठला शटर खाली येतं.

पुढील संवाद नीट अभ्यासावा. वेळ : शनिवार, संध्याकाळचे साडेसात. स्थळ : म्युनिक.

“अहो, दही संपलंय.”

“आणतो की उद्या.”

या उत्तराला शून्य गुण. व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, “अगं, शेजारून वाटीभर विरजण आण ना!” याही उत्तराला शून्य गुण, पण आईला ते सांगू नये.

अपवाद : मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकानं आणि पेट्रोल पंप रविवारीही उघडे असतात, मात्र तिथल्या भावात विरजणाचं सोनं होतं. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. सणांचं गणित वेगळं आहे. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद, मधला शनिवार तेवढा उघडा. त्या शनिवारची गर्दी पाहिली की जर्मन माणूस शांत असतो, हे विधान पुन्हा तपासावंसं वाटतं. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. बव्हेरियातल्या ऑग्सबुर्ग शहराला तर ८ ऑगस्टची खास स्वतःची सुट्टी आहे. शेजारच्या गावी दुकान उघडं आणि आपल्या गावी बंद, असं तिथे खरंच होतं.

पद तिसरे : गिरणीवाले

पिठाच्या कपाटासमोर उभे राहा. प्रत्येक पुड्यावर एक आकडा दिसेल : ४०५, ५५०, १०५०. ही किंमत नव्हे. पीठ जाळल्यावर दर १०० ग्रॅममागे किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा हा आकडा. राख जास्त, म्हणजे कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा. १०५० ची पोळी होते, पण तव्यावरून ताटात येईपर्यंत तिचं मत बदलतं. अखंड गव्हाच्या पिठाला आकडाच नसतो. जाडजूड पोत्यातली भारतीय कणीक भारतीय दुकानात मिळते. ती आणण्याचा संबंध पुढच्या, म्हणजे हमालाच्या पदाशी आहे.

बटाटे तीन जातींचे. शिजल्यावर अंगानं घट्ट राहणारे, मधले, आणि भुसभुशीत होणारे. पिशवीवर ते लिहिलेलं असतं आणि बहुधा रंगही ठरलेले असतात : घट्ट हिरव्या पट्टीत, मधले लाल आणि भुसभुशीत निळ्या. बटाटेवड्याला निळी पट्टी, काचऱ्यांना हिरवी. उलट केल्यास वड्याचं सारण हट्टाला पेटतं आणि काचऱ्यांचा लगदा होतो. ‘बटाटे द्या दोन किलो’ एवढ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे जाचक वाटेल, पण महिनाभरानं तोच माणूस पाहुण्यांना पट्ट्यांचे रंग समजावून सांगताना आढळतो.

मसाल्यांच्या कपाटात जिऱ्यासारखी दिसणारी बाटली सगळ्यात पुढे असते. तिच्यावर ‘क्युमेल’ असतं, ती सोडा. तो पावात आणि कोबीत घालायचा मसाला आहे. आमटीला त्याची फोडणी दिली की आमटीला बेकरीचा वास येतो. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. अक्षरं मोजून घ्यावीत.

साबुदाणा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. सुपरमार्केटात मिळणारे पांढरे मोती बहुतेक वेळा बटाट्याच्या स्टार्चचे असतात. उपासाला ते चालतील, फक्त त्यांची खिचडी होत नाही. रात्री भिजत घातल्यावर सकाळी पातेल्यात पोस्टरं चिकटवायची खळ तयार असते. खरा साबुदाणा भारतीय किंवा आशियाई दुकानातून आणावा.

आता एक आनंदाची बातमी. ‘क्वार्क’ नावाचा दुधाचा पदार्थ इथे अर्ध्या किलोच्या डब्यात, स्वस्तात आणि सर्वत्र मिळतो. चक्का टांगायला नको, फडकं नको, रात्रभर नळाखाली टपटप नको. जास्त स्निग्धांशाचा क्वार्क घ्या, तासभर गाळणीत ठेवा, पिठीसाखर, वेलची आणि दुधात खललेलं केशर घाला. पाडव्याला श्रीखंड तयार. स्निग्धांश काढून टाकलेला क्वार्क घेतलात तर श्रीखंडाला खडूची चव येईल. तूप ‘बुटरश्माल्ट्स’ नावानं मिळतं. रवाळ नसतं, पण वरणभातावर घातल्यावर वरणभात तक्रार करत नाही.

किंमत वाचताना मोठा आकडा वाचू नये. खालच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात किलोमागे किंवा लिटरमागे भाव असतो, तो वाचावा. तो छापणं दुकानदाराला कायद्यानं बंधनकारक आहे. ‘काय भाऊ, लावा की नीट’ हे वाक्य इथे चालत नाही, त्या जागी हा बारीक आकडा आहे.

पद चौथे : हमाल

ढकलगाडी साखळीनं बांधलेली असते. एक युरोचं नाणं घातलं की सुटते, परत बांधली की नाणं परत मिळतं. जर्मन माणसाच्या खिशात या एकाच कामासाठी एक नाणं कायम राखीव असतं. तेवढं एक साधलं की अर्धं नागरिकत्व मिळालं, असं हा मार्गदर्शक मानतो.

इथल्या स्वस्त दुकानांच्या पद्धतीचा पाया एस्सेन शहरातल्या आल्ब्रेख्ट कुटुंबानं घातला. आईचं छोटं दुकान दोघा भावांनी युद्धानंतर वाढवलं आणि पुढे वाटणी केली. गल्ल्याजवळ सिगारेटी ठेवायच्या की नाहीत यावरून बिनसलं, असं सांगतात. तेव्हापासून देशाचा उत्तरेचा भाग एका भावाकडे आणि दक्षिणेचा दुसऱ्याकडे. दोन्हीकडे पाटी ‘आल्डी’चीच, पण कंपन्या वेगळ्या. मधल्या हद्दीला लोक चक्क ‘आल्डी विषुववृत्त’ म्हणतात. भाऊबंदकी ही आपलीच मिरासदारी आहे, असं समजणाऱ्यांनी हा नकाशा अवश्य पाहावा.

आता गल्ला, म्हणजे या परीक्षेचं प्रात्यक्षिक. क्रम असा : पट्ट्यावर जड वस्तू आधी, मऊ शेवटी. आपल्या सामानामागे आडवी दांडी ठेवावी, म्हणजे मागच्या आजींचं कुत्र्याचं खाणं तुमच्या बिलात येत नाही. गल्ल्यावरच्या बाई बसून काम करतात. त्यांचे हात तुमच्याकडे पाहत नाहीत. वेष्टनांवर अनेक बाजूंनी बारकोड छापलेले असतात, त्यामुळे त्यांना वस्तू फिरवावी लागत नाही. ट्यँ, ट्यँ, ट्यँ. तुम्ही पहिला टोमॅटो पिशवीत ठेवता तोवर दूध, तेल, बटाटे आणि अंडी पलीकडच्या वीतभर जागेत एकमेकांवर चढलेली असतात. बाई रक्कम सांगतात. तुम्ही पाकीट शोधता. मागे सात माणसं उभी असतात. कुणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं मानेवर जाणवतं.

योग्य उत्तर : पिशवी भरायचीच नाही. सगळं आहे तसं गाडीत लोटायचं, पैसे द्यायचे आणि खिडकीजवळच्या फळीवर जाऊन निवांत भरायचं. फळी त्यासाठीच असते. पिशवी घरून आणावी. भाजीचं वजन काही दुकानांत आपणच करून चिकटपट्टी लावायची असते, काहींत गल्ल्यावर होतं. चुकीच्या दुकानात चुकीची पद्धत वापरल्यास मागच्या सातांसमोर परत भाजीकडे जावं लागतं.

पावती मिळतेच. १ जानेवारी २०२० पासून ती देणं बंधनकारक आहे, पाव घेतला तरी. तिच्यावर कुठल्या वस्तूला किती कर तेही असतं. गाईच्या दुधाला सात टक्के, ओटच्या दुधाला एकोणीस. सरकारच्या लेखी पहिलं अन्न आणि दुसरं पेय. आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पुण्यात टपरीवरच्या चहालाही क्यूआर कोड चालतो, इथल्या छोट्या बेकरीत ‘फक्त रोख’ अशी पाटी अजून दिसते.

पद पाचवे : भंगारवाले

पाण्याची बाटली घेतलीत की बिलात २५ सेंट जादा लागतात. ही फसवणूक नाही. ती अनामत आहे, नाव ‘प्फांड’. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर ती २००३ पासून लागू आहे. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या साध्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या काही बाटल्यांना १५. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्राच्या तोंडात एकेक घालायच्या. यंत्र बाटली गोल फिरवतं, बारकोड वाचतं आणि गिळतं. चेपलेला डबा ते परत थुंकतं, म्हणून डबा चेपू नये. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दाखवून पैसे वळते करून घ्यायचे. चिठ्ठी खिशात विसरून पँट धुणाऱ्यास पूरक परीक्षा नाही.

रेल्वे स्थानकावर कचरापेटीच्या शेजारी कुणी रिकामी बाटली नीट उभी करून ठेवलेली दिसेल. ती अस्वच्छता समजू नये. बाटल्या गोळा करून पैसे मिळवणारी माणसं इथेही आहेत. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून ती बाहेर ठेवतात.

अनामत नसलेल्या काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या डब्यांत टाकायच्या : पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी. रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, ते प्या. हे पदच अर्धं कमी होईल.

पद सहावे : गिऱ्हाईक

सर्व पदांत हे सर्वांत सुखाचं. ते तुर्की दुकानात मिळतं.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्थान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. कारखान्यांत हात हवे होते, माणसं आली, आणि माणसांबरोबर भूक आली. भेंडी, वांगी, पुदिना, छोले, तीळ यांची दुकानं त्या भुकेनं उघडली. आज तुमची भाजी तिच्याच आधारानं होते. सुपरमार्केटात कोथिंबीर प्लास्टिकच्या डबीत चार काड्या किंवा कुंडीत रोपटं अशी मिळते, तुर्की दुकानात मात्र ओल्या मुळांसकट जुडी. लांब हिरव्या मिरच्या सुट्या, हातानं निवडून घ्यायच्या. निवडताना एखादी मोडून वास घेतला तर दुकानदार डोळे वटारत नाही, कारण त्याची आजीही तेच करते.

इथे बोलायला भाषा लागत नाही. तुम्ही भेंडीचं टोक मोडून पाहता, तो मान हलवून दुसऱ्या खोक्याकडे बोट दाखवतो, तुम्ही तिकडून घेता. जाताना तो एखादं लिंबू पिशवीत टाकतो. सुपरमार्केटच्या पावतीवर अशा लिंबासाठी रकाना नाही.

पद सातवे : आचारी

शेगडी काचेची असते, ज्योत नसते. फुलका थेट आचेवर टाकायची सवय असलेल्यांनी आयातदार म्हणून आणलेली जाळी आता काढावी. गोल बुडाची कढई या काचेवर डुलते, सपाट बुडाची घ्यावी. घरचा मिक्सर इथल्या विजेवर चालतो, पण तीन गोल पायांचा प्लग भिंतीत बसत नाही, त्याला जोड घ्यावी.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा आणि खिडकी उघडी. धूर ओळखणारं यंत्र झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर बसवणं सर्व राज्यांत बंधनकारक आहे. मोहरी आणि वेळेवर न काढलेली सुकी मिरची यांतला फरक ते जाणत नाही. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. म्हणून इडलीचं पीठ शनिवारी वाटून ठेवावं.

डाळीच्या बाबतीत आपणच गुरू, असा समज असल्यास स्टुटगार्टकडे जावं. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे. तिथला जुना घरगुती बेत म्हणजे मसूर, त्याबरोबर श्पेत्सल नावाचे पिठाचे तुकडे आणि सॉसेज. मसुरीवर वरून व्हिनेगर घालतात, आपण आमसूल घालतो तसं. तिथल्या डोंगराळ भागातली मसूरशेती विसाव्या शतकात बंद पडली होती. हरवलेलं जुनं वाण २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडलं आणि पुन्हा पेरलं गेलं. शाकाहारी उमेदवारांनी मात्र मागवण्यापूर्वी विचारावं. डाळीच्या सुपात, अगदी डब्यातल्यासुद्धा, डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असू शकतात आणि त्यांना कुणी मांसात धरत नाही.

स्वाध्याय

प्र. १. चूक की बरोबर ते लिहा : (अ) ४०५ हा बसचा क्रमांक आहे. (आ) क्वार्क टांगावा लागतो. (इ) ‘उद्या आणतो.’

प्र. २. जोड्या लावा : निळी पट्टी, क्युमेल, चेपलेला डबा, ८ ऑगस्ट, आणि ऑग्सबुर्ग, बटाटेवडा, बेकरीचा वास, नामंजूर.

प्र. ३. कारणे द्या : बॅगेतून नारळ येतो, कढीपत्ता येत नाही.

प्र. ४. गणित. एका आठवड्यात वरील सात पदांवर तुम्ही किती तास काम केलं, ते मोजा. १ जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. त्यानुसार महिन्याचा पगार काढून पहिल्या रकान्यात लिहा. हीच कामं भारतात तुमच्यासाठी करणाऱ्या माणसांना महिन्याला काय देत होता, ते दुसऱ्या रकान्यात लिहा. आईचा रकाना वेगळा आखावा. उत्तर तपासायला कुणी येणार नाही, त्यामुळे आकडे खरे लिहावेत.